काट्याच्या पीसींची वेळ एकमेकांशी जुळत नाही, नेटवर्कला इंटरनेट नाही. काय करावं?

गव्हाणवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात आहे. हंगाम जोरात चालू आहे, म्हणून थोडं घाईत लिहितोय.

आमच्याकडं उसाची गाडी आली की आधी यार्डाच्या गेटवर टोकन घेते. नंबर लागला की भरल्या काट्यावर चढते, तिथून गव्हाणीकडं (ऊस उतरवायच्या जागी) जाते, आणि रिकामी झाली की जाताना रिकाम्या काट्यावर वजन देऊन बाहेर पडते. तीन जागा, तीन पीसी. शिवाय शेती खात्यात दोन पीसी, यार्ड आणि काट्यांचे मिळून दोन डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी मशीन), आणि ऑफिसात एक सर्व्हर, ज्यावर सगळ्या पावत्या गोळा होतात. काट्याचं नेटवर्क मुद्दाम इंटरनेटपासून तोडलेलं आहे आणि ते तसंच राहावं असं संचालक मंडळाचं म्हणणं आहे. मलाही ते पटतं. डोमेन वगैरे नाही, साधा वर्कग्रुप, म्हणजे प्रत्येक पीसी आपापला स्वतंत्र. रिकाम्या काट्यावर आणि शेती खात्यात विंडोज ७ आहे, बाकीकडं विंडोज १०.

आता अडचण. टोकनचा पीसी भरल्या काट्याच्या पीसीपेक्षा ११ मिनिटं पुढं चालतोय. रात्री यार्ड मोकळं असलं की गाडी टोकन घेऊन पाच-सहा मिनिटांत काट्यावर येते. मग कागदावर काय उमटतं? टोकन २:४१ ला, भरलं वजन २:३६ ला. टोकन घ्यायच्या आधीच वजन झालं!

परवा एका शेतकऱ्यानं हे दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. आवाज चढवला नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, "साहेब, वेळ खोटी असंल तर वजन खरं कशावरून धरायचं?" काटा चोख आहे, वैधमापनचा शिक्का आहे, मी स्वतः प्रमाणित वजनं टाकून बघितलेली आहेत. तरी त्यांना पटेल असं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आमच्या भागात काटामारीचा नुसता संशय आला तरी माणसं गोळा होतात, आणि का होऊ नयेत? दीड वर्ष रानात सांभाळलेल्या उसाचं मोल त्या एका आकड्यावर ठरतं. कॅमेऱ्यात बघावं म्हटलं, तर डीव्हीआरची वेळ तिसरीच.

सध्या मोबाइल बघून हातानं वेळ लावतो. काही आठवडे बरं चालतं, मग परत फाटे फुटतात. रिकाम्या काट्याचा पीसी तर लाइट जाऊन आली की सरळ २००९ सालात जाऊन बसतो.

इंटरनेट न देता हे सगळं एका वेळेवर कसं आणायचं? आणि हंगाम न थांबवता करता येईल का? थोड्या खर्चाला मंजुरी मिळेल, मोठ्या नाही.

टर्मिनल_४११०३८

फायरवॉलमध्ये फक्त एकच वाट उघडा: ऑफिसच्या सर्व्हरवरून बाहेर, यूडीपी पोर्ट १२३ (वेळेचे संदेश याच वाटेने जातात), तेही नवी दिल्लीच्या एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) टाइम सर्व्हरपर्यंतच. भारतीय प्रमाणवेळ राखायची जबाबदारी त्यांचीच आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही हेच आहे: एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी घड्याळं जोडा. मग आतल्या सगळ्या पीसींना तुमचा सर्व्हर वेळ देईल. पैसा लागणार नाही.

रिलेटेस्टिंग

वरचा सल्ला योग्य आहे आणि जमलं तर तोही करा. पण काट्याचं नेटवर्क बाहेर न जोडण्याचा तुमचा निर्णय मी मोडायला सांगणार नाही. विजेच्या सबस्टेशनमध्ये आम्हीही तेच पाळायचो. टेस्टिंग विभागातच माझी सगळी नोकरी झाली आणि वेळेचं हे दुखणं मी जवळून पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक ठरवा. तुम्हाला सगळ्या मशीनचं एकमत हवंय की खरी वेळ? दोन्ही हवं असणार, पण तातडी एकमताची आहे. सगळी घड्याळं मिळून ४ सेकंद चुकली तर एकाही शेतकऱ्याचं नुकसान होत नाही. एक घड्याळ ११ मिनिटं चुकलं की तुमच्या टेबलावर ते दोन कागद येतात. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ओंटारिओ अंधारात गेला, सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. तपास करणाऱ्यांकडे नोंदींचा ढीग होता, पण कित्येक रेकॉर्डरची घड्याळं एकमेकांशी जुळवलेलीच नव्हती. कोणती लाइन आधी पडली, कोणती नंतर, हे लावता लावता त्यांचा फार वेळ गेला. नोंद असून ती क्रमात बसत नसेल तर तिचा निम्मा उपयोग गेला.

११ मिनिटं आली कुठून तेही समजून घ्या, म्हणजे ऑपरेटरवर कुणी संशय घेणार नाही. मदरबोर्डवर घड्याळाचा छोटा क्रिस्टल असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत २० इतकी चूक चालते. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला ५० च्या आसपास. एक पीसी तेवढा पुढे आणि दुसरा तेवढाच मागे पळत असेल तर पाच-साडेपाच महिन्यांत दोघांत ९ मिनिटांचं अंतर सहज पडतं. त्यात उष्णता. हे क्रिस्टल साधारण २५ अंशांना ठीक चालतात, त्याहून गरम झाले की मंदावतात, आणि गार झाले तरी मंदावतातच. पत्र्याच्या काटाघरात मार्चच्या दुपारी बोर्डजवळ ४५ अंश असले तर दिवसाला आणखी सव्वा सेकंद गेलाच. मशीन चालू असताना विंडोज बोर्डवरच्या दुसऱ्या क्रिस्टलवर वेळ मोजतं, पण तोही याच दर्जाचा असतो. कुणी काही केलेलं नाही, हे घड्याळांचं रोजचं वागणं आहे.

२००९ मध्ये जाणाऱ्या पीसीची सीमॉस बॅटरी (मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा सेल) गेली आहे. सीआर२०३२, कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. हे सगळ्यात आधी करा. कारण वर्कग्रुपमधलं विंडोज १५ तासांपेक्षा जास्त फरक दिसला की वेळ दुरुस्त करायलाच नकार देतं. सर्व्हर कितीही चांगला बसवा, तो पीसी २००९ मध्येच राहील आणि तुम्ही केबल तपासत बसाल.

आता मुख्य काम. एक रास्पबेरी पाय (छोटा, एका बोर्डाचा संगणक; पुढे नुसतं 'पाय') घ्या, त्याला पीपीएस पिन (दर सेकंदाला एक ठोका देणारी) बाहेर काढलेला जीपीएस रिसीव्हर जोडा (निओ-एम८एन चालेल, जुना निओ-६एमसुद्धा चालेल), आणि डीएस३२३१ हे छोटं घड्याळ-मॉड्यूल बसवा. पाय ४ पर्यंत बोर्डवर स्वतःचं बॅटरीचं घड्याळ नसतं, म्हणून हे मॉड्यूल हवंच. ते तापमान पाहून स्वतःला सावरतं, वर्षाला मिनिटभराच्या आसपासच चुकतं. या सगळ्याचा खर्च एका नव्या पीसीपेक्षा बराच कमी होईल.

पीपीएसचा आग्रह का, ते सांगतो. जीपीएस रिसीव्हर सीरियल केबलवरून "आता इतके वाजले" असं वाक्य पाठवतो. ९६०० बॉडच्या वेगाने ८० अक्षरांचं वाक्य पोचायलाच ८० मिलिसेकंद लागतात, आणि दर वेळी ते कमीजास्त होतं. पीपीएस पिनवर मात्र सेकंद सुरू होतो त्या क्षणी एक ठोका येतो. वाक्यावरून कोणता सेकंद ते कळतं, ठोक्यावरून तो नेमका कधी लागला ते कळतं. तुमच्या कामाला मायक्रोसेकंद लागत नाहीत हे खरं, पण एक वायर जोडून मिळतंय तर सोडू नका.

पायवर क्रोनी (वेळ जुळवणारं आणि वाटणारं सॉफ्टवेअर) टाका. कॉन्फिग फाइलमध्ये तीन गोष्टी बघा: जीपीएस आणि पीपीएस हे रेफरन्स क्लॉक म्हणून नोंदवा, "अलाऊ"च्या ओळीत तुमच्या काटा नेटवर्कचा पत्ता द्या, आणि "लोकल स्ट्रॅटम १०" लिहा. ही शेवटची ओळ बहुतेक जण विसरतात. ती नसेल आणि पाय रीस्टार्ट झाल्यावर जीपीएस मिळालं नाही, तर तो स्वतःला जुळलेला मानत नाही आणि पीसी त्याचं ऐकत नाहीत. ती असेल तर तो निदान सगळ्यांना एका वेळेवर धरून ठेवतो.

पीसी आणि पाय यांच्यात काय घडतं हे तुमच्याच आकड्यांवर दाखवतो. समजा पीसी ११ मिनिटं मागे आहे. तो स्वतःच्या घड्याळाने १०:००:००.००० ला विचारतो. पायला ते १०:११:००.००२ ला मिळतं, तो .००३ ला उत्तर सोडतो, पीसीला ते स्वतःच्या १०:००:००.००५ ला मिळतं. जाताना फरक दिसला ६६०.००२ सेकंद, येताना ६५९.९९८. सरासरी काढली की बरोबर ६६० सेकंद. जाण्यायेण्याचा वेळ आपोआप वजा झाला. जाताना आणि येताना सारखाच वेळ लागतो एवढं एकच यात गृहीत धरलंय, आणि तुमच्या लॅनवर ते जवळजवळ खरंच असतं. पुढे डेलावेअर विद्यापीठात गेलेल्या डेव्हिड मिल्स यांनी हे, म्हणजे एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल), १९८५ मध्ये मांडलं, आणि अजून सगळं जग यावरच चालतं.

विंडोजच्या बाजूला: विंडोज टाइम सर्व्हिस "ऑटोमॅटिक" करा, वर्कग्रुपमध्ये ती आपणहून चालू राहत नाही. पीअर लिस्टमध्ये (वेळ कुणाकडून घ्यायची ती यादी) पायचा आयपी द्या. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगमध्ये) स्पेशल पोल इंटरव्हल, म्हणजे किती सेकंदांनी वेळ विचारायची ते, बघा, जुन्या विंडोजमध्ये तिथे ६०४८०० सेकंद असतात, म्हणजे आठवड्यातून एकदा. ते ९०० करा. आणि ऑपरेटरच्या लॉगिनला ॲडमिन अधिकार असतील तर काढा, म्हणजे वेळ हाताने बदलता येणार नाही. काट्याला वैधमापनचा शिक्का असतो, घड्याळाला कुणाचाच नसतो. ते कुलूप आपणच लावायचं. मात्र काट्याच्या इंडिकेटरच्या (वजन दाखवणाऱ्या यंत्राच्या) आत वेळ असेल तर सीलला हात लावू नका, ते त्यांच्यासमोरच.

गव्हाणवाला

सर, मनापासून आभार. प्रिंट काढून शेती अधिकाऱ्यांनाही दाखवली. क्रिस्टलचा हिशेब वाचून टोकनवरच्या पोराच्या जिवात जीव आला, त्याच्यावर उगाच बोट दाखवलं जात होतं. सेल आजच बदलतोय.

दोन शंका. टोकनचा पीसी ११ मिनिटं पुढं आहे, म्हणजे तो मागं घ्यावा लागणार. मग तीच ११ मिनिटं परत येतील आणि आधीच्या टोकनची वेळ नंतरच्या टोकनपेक्षा पुढची दिसेल. ते कसं टाळायचं? आणि काटाघराला पत्रा आहे, जीपीएस आत धरेल का?

रिलेटेस्टिंग

पत्र्याखाली धरणार नाही. चुंबकाचा ॲक्टिव्ह अँटेना घ्या आणि पत्र्याच्या वर चिकटवा, मोकळं आकाश दिसेल असा, चिमणी आणि केन अनलोडरपासून लांब. जूनच्या आत अर्थिंग नीट करून घ्या, विजांचे दिवस येतात. पहिल्यांदा चालू केल्यावर लगेच विश्वास ठेवू नका. जीपीएसची वेळ आपल्या प्रमाणवेळेच्या आधारापेक्षा १८ सेकंद पुढे असते. ती दुरुस्ती उपग्रहाकडून येते आणि पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर जुना रिसीव्हर एक-दोन सेकंद चुकीचं सांगू शकतो. अर्धा तास जाऊ द्या.

मागे घ्यायचा प्रश्न तुम्ही अगदी नेमका ओळखलात. चालत्या काट्यावर घड्याळ मागे घ्यायचं नाही. कारखाना क्लीनिंगला बंद होतो तेव्हा शेवटची गाडी रिकामी होऊन बाहेर पडली की टोकन बंद करा, मग सगळे पीसी एकदम जुळवा. बंद काळ ११ मिनिटांपेक्षा मोठाच असतो, म्हणजे एकही वेळ दोनदा उमटत नाही.

जुळवण्याआधी प्रत्येक मशीनचा फरक रजिस्टरमध्ये लिहा: तारीख, मशीन, किती पुढे किंवा मागे, सह्या. सगळे पडदे एका मोबाइलसोबत दिसतील असा फोटो काढा. जुन्या पावत्यांच्या वेळा डेटाबेसमध्ये जाऊन सुधारू नका, कितीही मोह झाला तरी. ज्या शेतकऱ्याने विचारलं त्याला हे रजिस्टर दाखवा. त्याने रास्त प्रश्न विचारलाय, त्याला पूर्ण उत्तर मिळायला हवं.

सॉफ्टवेअरवाल्याकडूनही एक बदल करून घ्या. गाडीचा क्रम टोकन नंबरवरून लागावा, वेळेवरून नको. आणि नेटवर्क चालू असेल तेव्हा पावतीवरची वेळ सर्व्हरच्या डेटाबेसची घ्यावी. लाइन तुटली तर पीसीची वेळ, पण पावतीवर तशी खूण हवी.

चौथा_कॅमेरा

डीव्हीआरचं मी सांगतो, रोजचं काम आहे. मेनूत एनटीपीचा पर्याय असतो, तिथं पायचा आयपी, पोर्ट १२३, आणि इंटरव्हल ६० मिनिटं ठेवा. पण ते चालू करण्याआधी टाइम झोन बघा! बरेच डीव्हीआर जीएमटी+८ वर येतात, लावणारा माणूस झोन तसाच ठेवून वेळ हातानं बरोबर करतो. दिसायला सगळं ठीक दिसतं. एनटीपी चालू केलं की घड्याळ अडीच तास पुढं उडी मारतं, कारण एनटीपीवरून फक्त यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) येते, साडेपाच तास प्रत्येक मशीननं आपापले मिळवायचे असतात. आधी जीएमटी+५:३०, डेलाइट सेव्हिंग बंद, मग एनटीपी.

दुसरं, वेळ मागं गेली तर तेवढ्या मिनिटांचं रेकॉर्डिंग एकमेकांवर येतं, काही मशीन जुनं पुसतात. म्हणून आधी हवं ते फुटेज पेनड्राइव्हवर काढा. जुनं ॲनालॉग मशीन असेल आणि त्यात एनटीपी नसेलच, तर कॅमेऱ्यासमोर टोकनच्या पीसीचा घड्याळवाला मॉनिटर दिसेल असा एक अँगल ठेवा. फुटेजच्या आतच खरी वेळ दिसते.

गव्हाणवाला

क्लीनिंगमध्ये काम उरकलं. यार्डाच्या डीव्हीआरचा झोन खरंच +८ निघाला, आधी कळलं म्हणून वाचलो. काट्यावरचा डीव्हीआर जुना आहे, त्यात एनटीपी नाही, तिथं मॉनिटरचा अँगल लावला. कमांड प्रॉम्प्टवर स्ट्रिपचार्ट (पीसी आणि पायच्या वेळेतला फरक दाखवणारी कमांड) लावून बघितला, सगळे पीसी पायपासून १०० मिलिसेकंदांच्या आत आहेत. रिकाम्या काट्याचा विंडोज ७ सुरुवातीला ऐकेना, त्याची सर्व्हिस कुणीतरी डिसेबल करून ठेवली होती.

रजिस्टर केलं, सह्या घेतल्या. त्या शेतकऱ्यांना बोलावून पडद्यावर दाखवलं, पायचं डबडंही दाखवलं. त्यांनी फरकाचं पान नीट वाचलं, त्यांच्या दोन कागदांच्या वेळा त्यावरून स्वतः मांडून बघितल्या. ११ मिनिटं वजा केल्यावर टोकन २:३० आणि वजन २:३६. म्हणाले, "हे पान बोर्डावर लावा, मला एकट्याला दाखवून काय उपयोग." लावलंय, टोकनच्या खिडकीशेजारी.

एकच उरलं. पाय बंद पडला तर?

रिलेटेस्टिंग

बोर्डावर लावलंत हे फार चांगलं केलंत.

पाय बंद पडला तरी पीसी लगेच भरकटत नाहीत, ते आपापल्या क्रिस्टलवर चालतात, दिवसाला दोनेक सेकंदांनी. म्हणजे तुमच्याकडे दुरुस्तीला पुरेसे दिवस आहेत, फक्त बंद पडल्याचं कळलं पाहिजे. रोज सकाळच्या पाळीला स्ट्रिपचार्टचा आकडा रजिस्टरमध्ये लिहायला लावा. पायला काट्याच्याच यूपीएसवर घ्या, लाइट गेल्यावर मेमरी कार्ड खराब होणं हे त्याचं नेहमीचं दुखणं आहे. चालू कार्डाची एक प्रत काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. ऑफिसचा सर्व्हर एनपीएलशी जोडायला मंजुरी मिळाली तर तो पायमध्ये दुसरा स्रोत म्हणून द्या. दोन स्रोतांत फरक पडला तर खोटं कोण बोलतंय हे ठरत नाही, पण काहीतरी बिघडलंय एवढं नक्की कळतं. पुढच्या हंगामाआधी तिसरा मिळवा.